आधी रात्र वाटून घ्या

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की येणारा-जाणारा सुनेला नाहीतर लेकीला सांगतो, 'स्वतःकडंही बघत जा.' कधी बघायचं? अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर २ तासांनी पेशंटची कूस बदलायची तर रात्री १२ला, २ला, ४ला उठणं आलंच. सलग २ तासही डोळा लागत नाही. असं महिनाभर चाललं की कुणीही खचेल, माया कितीही असो.

म्हणून आधी रात्र वाटायची. एकानं २ वाजेपर्यंत बघायचं, पुढं दुसऱ्यानं. एकाला रात्री ९ ते २, दुसऱ्याला २ ते सकाळी ७ अशी ५ तास सलग झोप मिळते. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी चालू असेल तर ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. हवेची गादी असेल तर कूस किती तासांनी बदलायची तेही विचारा; लाईट गेली की तिचा पंप बंद पडतो, हे ध्यानात ठेवून.

सांभाळणारी खचलीय हे रडण्यावरून कळेलच असं नाही. तिची स्वतःची बीपीची गोळी राहते, घास भरवताना घाई होते, 'हे मुद्दाम अंथरूण ओलं करतात' असं वाटू लागतं. हे वाटणं सगळ्यात धोक्याचं, कारण हात उगारला जातो तो यानंतर. तसा राग आलाच तर पेशंटला पडणार नाही असं नीट निजवून ५ मिनिटं खोलीबाहेर जा. पगारी मावशी किंवा ब्रदर खचले की पेशंटचं नाव जाऊन खाटेचा '३ नंबर' होतं.

बीडकडं जोडपी ऊसतोडीला गेली की म्हाताऱ्यापाशी एकच माणूस उरतं. त्यामुळं ठरवाठरवी टोळी निघायच्या आधीच करा, आणि 'लागलं तर सांग' यावर भागवू नका. टँकरचं पाणी पुतण्यानं भरायचं, मंगळवार-शुक्रवारची आंघोळ जावेनं घालायची. पुण्याच्या भावानं नुसते पैसे धाडून सुटू नये, महिन्यातल्या २ रात्री येऊन काढाव्यात.

२४ तासांची बाई ठेवली तर आठवड्याची सुट्टी आणि रात्रीची सलग झोप पहिल्याच दिवशी ठरवा. धुणं-भांडी तिच्या गळ्यात घालू नका. बाया टिकत नाहीत अशी ओरड असते, ती बहुतेक अशाच घरांतून.

झोप मिळूनही जीव रमेना, जगणंच नको वाटू लागलं, तर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला, १४४१६ वर फोन लावा. मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.