आहे थोडा

आज माझ्या तोंडून पावसाला शिवी गेली.

साकवावरून पाणी चाललं होतं. टपालाची पिशवी छातीशी धरून कशीबशी वाडीतल्या आजींच्या पडवीत शिरले आणि म्हणाले, "कधी जाणार हा मेला पाऊस?" आजी हसल्या. "झालीस गो आता आमच्यातली." मायेनंच म्हणाल्या. मला मात्र गलबलून आलं.

आमच्या साताऱ्याकडच्या माण तालुक्यात पावसाला कुणी असं बोलत नाही. वर्षाला 500 मिलिमीटर पडला तरी देव पावला म्हणतात. पहिला पाऊस झाला की आबा रानात जातात, मातीत बोटं खुपसून ओल किती गेली ते बघतात. घरी येऊन एवढंच सांगतात, चार बोटं. कधी दोनच. इथं गुहागर तालुक्यात 3000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि मी दोन महिन्यांत त्याला कंटाळले.

संध्याकाळी तर त्याहून वाईट झालं. आबांनी फोनवर पहिलं तेच विचारलं, "तिकडं हाय का पाऊस?" बाजरी पेरून वीस दिवस झालेत, तिकडं नुसतं वारं सुटलंय. मी म्हणाले, "आहे थोडा." पत्र्यावरचा आवाज त्यांना ऐकू गेलाच असणार. काही बोलले नाहीत. मग आईनं फोन घेतला आणि त्या स्थळाचं काढलं. त्यावर आज लिहायचं नाही.

थोडा. का बोलले असं? त्यांना वाईट वाटू नये म्हणून, हे खरं आहे, पण तेवढंच नाही. त्यांच्या वाट्याचं काहीतरी मी इथं एकटी खातेय, असं वाटतं मला. हा पाऊस, ही नोकरी, सगळंच.

दहावीच्या मार्कांवर डाकसेवक म्हणून नाव लागलं तेव्हा दादा म्हणाला होता, 10,000 रुपयांसाठी एवढ्या लांब कशाला? मार्चमध्ये आले तेव्हा रोज रात्री मलाही तेच वाटायचं. जाऊ दे. आज आजी सकाळपासून माझी वाट बघत बसल्या होत्या. श्रावणबाळ पेन्शनचे 1,500 रुपये खात्यात आलेत, पण ते काढायला गुहागरला जायचं म्हणजे अख्खा दिवस आणि वर गाडीभाडं. म्हणून ते मी घरीच देते, पण माझ्या मशीनवर अंगठा उठेना. जन्मभर काजू सोलून रेघाच पुसल्या गेल्यात. दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं, तेवढ्यात रेंज गेली. मी रडकुंडीला आले, तर त्याच माझी समजूत घालायला लागल्या. "ऱ्हाव दे, उद्या ये."

उद्या ये. इथं मला असं म्हणणारं कुणीतरी आहे. परतताना घाटी चढून आले ती दम न लागता.

रात्री जेवायला बसले तर घास उतरेना. थोडा, थोडा, तेच डोक्यात. शेवटी पुन्हा फोन लावला. "आबा, थोडा नाही. सहा दिवस सलग लागलाय. पऱ्या भरून वाहतोय."

आबा जरा थांबले. "नुसता पडतोय का जिरतोय?"

हे मला सुचलंच नव्हतं. मग सांगितलं त्यांना, सगळा जांभा आणि उतार, पाणी सरळ समुद्राला जातं. मे महिन्यात याच वाडीच्या विहिरीनं तळ गाठला होता, टँकरपाशी हंड्यांची रांग लागायची, आजीही त्या रांगेत असायच्या.

"मंग ती बी आपल्यासारखीच की," आबा म्हणाले. नंतर अर्धा तास आम्ही पाण्यावरच बोललो. भाताच्या लावणीला चिखल कसा करतात, ते त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. गुडघाभर चिखल म्हटल्यावर म्हणाले, "आरं बाबा!" किती दिवसांनी त्यांचा असा आवाज ऐकला.

मशीन दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलंय. उद्या आजींची बोटं पुसायला कोरडं कापड हवं. दोरीवरचं सगळं तीन दिवसांचं ओलं आहे. ट्रंकेत तेवढं एक फडकं कोरडं सापडलं, येताना आईनं भाकरी बांधून दिलेलं. तेच घेतलंय.