कोपऱ्यातला आकडा

गेल्या रविवारी दुपारी जुन्या हार्ड डिस्कवरची छायाचित्रे नव्या संगणकावर उतरवून घेत असताना एका फोल्डरमध्ये एकाच फाइलच्या अकरा प्रती सापडल्या. मूळ नाव ‘एफएसएक्स’ आणि त्याला मी वेळोवेळी जोडलेली शेपटे: ‘चांगली’, ‘शेवटची’, ‘खरोखर शेवटची’, ‘पावसासाठी’, आणि एकीला नुसतेच ‘नको’. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या खेळाची, २००६ साली आलेली ही आवृत्ती ज्यांनी घरी चालवली, त्यांना ही फाइल काय असते हे सांगायला नको; इतरांसाठी एवढेच, की सिम्युलेटरने कसे चालावे याच्या नोंदी तिच्यात असतात. जगातल्या चोवीस हजारांहून अधिक विमानतळांची किल्ली आपल्या हाती आली, असे पहिल्या दिवशी वाटले होते. पण पुढली काही वर्षे मी त्यांतल्या एकाच विमानतळाच्या आसपास घुटमळत राहिलो, आणि त्याला कारण ही फाइल.

सिम्युलेटर सुरू असताना शिफ्टबरोबर झेडची कळ दाबत गेले की पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत सेकंदाला किती चित्रे उमटत आहेत तो आकडा दिसू लागतो. माझा आकडा अठरा होता. तो दिसण्यापूर्वी माझे विमान उत्तम उडत होते. तो दिसल्यावर ते अडखळू लागले. मग पर्यायांच्या पानावरची एकेक पट्टी मागे ओढण्याचे सत्र सुरू झाले. आधी रस्त्यांवरच्या मोटारी गेल्या, मग बंदरातल्या बोटी, मग जमिनीवर पडणाऱ्या सावल्या, आणि आकाशातली परकी विमाने शंभर टक्क्यांवरून वीसवर आली. पैसे साठवून नवे ग्राफिक्स कार्ड आणले, तेव्हा आकडा अठरावरून वीसवर सरकला, कारण या सिम्युलेटरचा खरा भार प्रोसेसरवर, त्यातही मुख्यतः त्याच्या एका कोअरवर, म्हणजे त्यातल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका भागावर असतो, हे ज्ञान मला कार्ड बसवून झाल्यावर प्राप्त झाले.

पर्यायांचे पान संपले की माणूस त्या फाइलपाशी येतो. ती नोटपॅडमध्ये उघडायची, एका ओळीतला आकडा बदलायचा, जतन करायची आणि सिम्युलेटर पुन्हा सुरू करायचा. ‘ॲफिनिटी मास्क’पुढे १४ लिहायचे, कारण चौदा म्हणजे द्विमान पद्धतीत १११०, म्हणजे चार कोअरांपैकी पहिला इतर कामांना मोकळा आणि उरलेले तीन विमानाच्या सेवेला. ‘टेक्श्चर बँडविड्थ’ चाळीसवरून ऐंशी, ऐंशीवरून एकशेवीस. ‘बफर पूल’ शून्यावर नेल्याच्या संध्याकाळी अरबी समुद्रातून टोकदार त्रिकोण थेट आकाशात घुसले. ती प्रत म्हणजे ‘नको’. सगळेच बिघडले तर फाइल पुसून टाकता येत असे, आणि पुढच्या वेळी सिम्युलेटर आपणहून नवी, कोरी फाइल तयार करत असे. एवढी उदारता मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वस्तूने दाखवलेली नाही.

आकडा नुसता मोठा असून भागत नाही. सेकंदाला तीस चित्रे म्हणजे एका चित्राच्या वाट्याला तेहतीस मिलिसेकंद. पण त्यांतल्या एकाने शंभर घेतले, तर सरासरी फारशी हलत नाही आणि डोळ्याला मात्र ठेच लागते. ही ठेच ओळखायला शिकलो, हीच माझी चूक झाली. शेजारी बसलेली बायको म्हणे, “किती छान दिसतोय समुद्र!” आणि मी म्हणे, “आत्ता अडखळलं, पाहिलंस?” तिला ते कधीही दिसले नाही. १९८० च्या सुमारास ब्रूस आर्टविक यांनी ॲपल टूसाठी केलेल्या पहिल्या सिम्युलेटरमध्ये जमीन म्हणजे छत्तीस चौकोनांची एक जाळी होती, आणि तिच्यावर उडणाऱ्यांना आपण उडत आहोत याविषयी शंका नव्हती.

हा रोग घराण्यातला असावा. आम्ही घाटकोपरला राहत असताना माझी आत्या आमच्याकडे असे आणि तिच्याबरोबर तिचा मिरजेचा तंबोरा असे. संध्याकाळी ती तो गवसणीतून काढी आणि लावायला बसे. खुंट्या पिळायच्या, मग मणी केसभर वर-खाली सरकवायचे, मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, येईपर्यंत तो नखाने पुढे-मागे करायचा. अर्धा तास लावणे आणि दहा मिनिटे गाणे हे तिचे प्रमाण होते, आणि काही दिवशी ती दहा मिनिटेही वगळली जात. लग्नाच्या मांडवात ध्वनिमुद्रित सनईत काहीतरी उतरलेले तिच्या कानाला लागले, की तिला जेवण जात नसे. पुढे तिला कोणीतरी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणून दिला. तो कधीच उतरत नसे. तिने तो आठवडाभर ऐकला आणि बंद करून ठेवला. “अरे, याला लावायचं काय?” असे ती मला म्हणाली होती.

आमचे घर नेमके सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली होते. पश्चिमेचा वारा असला की विमाने ठाण्याच्या खाडीवरून आत येत, घाटकोपर आणि कुर्ला ओलांडत आणि २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर टेकत. एकेक विमान गच्चीवरून इतके खालून जाई, की घरातले बोलणे त्याच्या आवाजात बुडून जाई. आत्या खुंटीवरचा हात तसाच ठेवून डोळे मिटून थांबे, “जाऊ दे त्याला,” म्हणे, आणि गेले की तीच तार पुन्हा छेडी. मी मात्र तेवढ्यात गच्चीवर पळालेलो असे, कारण मला विमानाचे पोट आणि बाहेर आलेली चाके पाहायची असत.

सिम्युलेटरमध्ये बदल तपासायचा तर दर वेळी तेच विमान, तेच हवामान, तीच वेळ आणि तीच वाट हवी, नाहीतर तुलना होत नाही. मी बोइंग ७३७ घेत असे, निरभ्र दुपार, खाडीपलीकडून २७ कडे येणारी चार मिनिटांची वाट. इमारतींची गर्दी वाढत गेली की आकडा घसरत जाई आणि घाटकोपरवर तळाला पोचे, म्हणून मी तिथेच तो टिपून घेऊन बाहेर पडत असे. उतरण्याचा काही उपयोग नव्हता. तपासणी संपलेली असे. अशा रीतीने मी आमच्या घरावरून किती शेकडा वेळा गेलो याचा हिशेब नाही, आणि प्रत्येक वेळी मी कोपऱ्यात पाहत होतो.

त्या रविवारी छायाचित्रे उतरवून झाल्यावर मी ते जुने सिम्युलेटर नव्या संगणकावर चढवले. फाइल कोरी ठेवली आणि आकडा पडद्यावर आणला नाही. खाडी आली, तिच्यावर ऊन होते. पुढे घाटकोपर आले, म्हणजे तिथे कधीच नसलेल्या उतरत्या छपरांच्या टुमदार घरांच्या रांगा आल्या, आणि त्यांत आमची गच्ची कुठे असावी याचा अंदाज घेत मी वाकून खाली पाहत होतो. तेवढ्यात चित्र किंचित अडखळले. डाव्या हाताची बोटे आपोआप शिफ्ट आणि झेडवर गेली. आकडा होता २९.४, म्हणजे तसा वाईट नव्हता. पण तो वाचून होईपर्यंत खाली कुर्ला आले होते, समोर धावपट्टी वाढत चालली होती, आणि मी चाके अजून बाहेर काढलेली नव्हती.