रेणवीय पदार्थ कशासाठी शिकायचे?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात एम.एस्सी. भौतिकशास्त्र म्हटले की पुढचा प्रश्न ‘मग बी.एड. कधी?’ हाच असतो. म्हणून रेणवीय पदार्थ, म्हणजे रेणूंच्या रचनेतून वीज वाहण्यासारखे गुण मिळणारे पदार्थ, हा विषय मी का निवडला, हे येथे लिहून ठेवत आहे.

प्लास्टिक विद्युतरोधक असते, हे आपण शाळेतच शिकतो. मात्र १९७७ साली शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी पॉलिअ‍ॅसिटिलीन या लांब साखळीच्या रेणूंच्या, प्लास्टिकसारख्या पदार्थाला आयोडीनची वाफ देऊन त्याची वाहकता सुमारे कोटीपट वाढवून दाखवली, आणि २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. (भौतिकशास्त्राचे नव्हे, ही आमच्या विभागातील जुनी सल.) एकाआड एक येणाऱ्या एकेरी व दुहेरी बंधांमुळे इलेक्ट्रॉन साखळीभर पसरलेले असतात, आयोडीनने त्यांतले काही काढून घेतले की उरलेल्यांना वाहण्यास वाव मिळतो.

प्रयोगशाळेत आम्ही असाच वीज वाहून नेणारा पदार्थ, पॉलिअ‍ॅनिलीन तयार करतो. आम्लातील अ‍ॅनिलीनमध्ये अमोनियम पर्सल्फेटचे थंड द्रावण थेंबाथेंबाने सोडले की द्रावण आधी निळसर आणि मग गडद हिरवे होते. गाळणकागदावर उरलेला साका वाळवून, खलून त्याची टिकली दाबतात. तिला अमोनिया लागला की आम्लातून आलेले प्रोटॉन निघून जातात, हिरवा रंग निळ्याकडे झुकतो आणि विद्युतरोध वाढतो. अमोनियाचे संवेदक (सेन्सर) याच तत्त्वावर बनवता येतात. गोठ्यातल्या अमोनियाच्या वासाशेजारी वाढलेल्या मला हा उपयोग मुळीच परका वाटत नाही. अडचण एवढीच, की हवेतील दमटपणानेही रोध बदलतो, त्यामुळे पावसाळ्यातल्या नोंदी कोरड्या हवेत पुन्हा घ्याव्या लागतात.