समोरच्या लाटेत कुशीवर डोललेलं मॉडेल

लाटा अगदी समोरून येत होत्या. अशा वेळी नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर-खाली होते, जहाज कुशीवर डोलायला वरवर पाहता काही कारण नसतं. तरी आमचं कंटेनर जहाजाचं मॉडेल सात-आठ झोक्यांत तीस अंशांपर्यंत कललं आणि डेकची कड पाण्यात बुडाली.

प्रमाण १:५०. २५० मीटरचं जहाज चाचणीच्या पाण्याच्या टाकीत ५ मीटरचं. वजन प्रमाणाच्या घनाने घटतं, म्हणून सुमारे ५९० किलो. वेग आणि काळ मात्र पन्नासाच्या वर्गमुळाने, म्हणजे ७.०७ ने भागायचे. जहाजाला एक पूर्ण झोका घ्यायला २२ सेकंद लागतात, तर मॉडेलला ३.१ लागायला हवेत. सगळा दिवस खातं ते हे जुळवणं. शिशाची वजनं मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारखी बाहेर सरकवली की गुरुत्वमध्य जागचा हलत नाही, पण झोका लांबतो. मग शांत पाण्यात हाताने कलवून सोडायचं आणि जायरोवर, म्हणजे कल मोजणाऱ्या यंत्रावर, काळ बघायचा.

लाट ५ मीटर लांब, १२ सेंटिमीटर उंच, काळ १.७९ सेकंद. पण सेकंदाला ०.४२ मीटर वेगाने तिच्या अंगावर जाणाऱ्या मॉडेलला ती दर १.५६ सेकंदांनी भेटत होती. ३.१ च्या जवळपास निम्मे! लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की पुढचा-मागचा पसरट भाग उघडा पडतो, पाणरेषेवरचं क्षेत्रफळ आणि त्याबरोबर स्थैर्य घटतं. खळगा आला की वाढतं. झोक्यागणिक हे दोनदा घडलं की उभ्याने झोपाळा चढवावा तसा कल वाढतो. १९९८ मध्ये उत्तर प्रशांत महासागरात ‘एपीएल चायना’चे शेकडो कंटेनर गेले ते याच प्रकारात.

मॉडेल कॅरेजला, म्हणजे टाकीवरून रुळांवर धावणाऱ्या गाड्याला, ताठ जखडलं असतं तर हे दिसलंच नसतं. ते स्वतःच्या प्रोपेलरवर चालत होतं, केबलही सैल टांगलेली.

टेप लावूनही हॅचमधून पाणी आत गेलं. तळाशी हलणारं थोडंसं पाणीही स्थैर्याचा आकडा बिघडवतं, त्यामुळे उपसून, पुसून, पुन्हा झोका मोजला. टाकीतल्या लाटा निवेपर्यंत तसंही थांबावंच लागतं.

पुढच्या फेरीत वेग दुप्पट केला. लाट १.३८ सेकंदांनी भेटू लागली आणि कल दोन-तीन अंशांवर राहिला. वादळात कप्तान वेग कमी करतो. इथे नेमकं तेच नडतं, कारण वेग घटला की हेलकावे जिरवायची ताकदही घटते. म्हणून मूळच्या ०.४२ वरच रुंद बिल्ज कील, म्हणजे बुडाच्या दोन्ही कडांना डोल जिरवणाऱ्या लांब पट्ट्या, लावून पाहिल्या: डोल सुरू झाला, पण बारा अंशांपुढे चढला नाही.