पिशवीतले बिल्ले

अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात मासेमारी बोटीवर निरीक्षक होतो तेव्हा माझी निम्मी भांडणं मोठ्या माशांवरून व्हायची. तिथं दर टन पकडीमागे एक टूथफिश, म्हणजे खोल थंड पाण्यातला मोठा मासा, बिल्ला लावून जिवंत सोडावा लागतो, तोही पकडीच्या मापाप्रमाणे. पुढं परत सापडलेल्या बिल्ल्यांवरून पाण्यात मासा किती, याचा अंदाज काढतात. दीड मीटरचे मासे येत असतील, तर बिल्लेवाल्यांतही तसलेच हवेत. खलाशांना मात्र हातात मावेल तोच प्रिय. मोठा धूड झोळीतून वर घ्यायला दोघं लागतात आणि बोटं आधीच बधिर झालेली असतात. लहानग्यांवर संख्या भागवायची चलाखी मी तिथं फार पाहिली.

मासा मात्र गुणी. हजार-दीड हजार मीटर खोलीवरून गळाला लागून येतो, तरी तगतो. पोटात हवेचा फुगाच नाही, त्यामुळं वर येताना फुगून मरत नाही. कपड्याला किमतीची चिठ्ठी अडकवतात तसल्या पिस्तुलानं पाठीवर दोन बिल्ले मारायचे. एक गळून पडला तर दुसरा राहतो, आणि किती गळतात तेही समजतं.

तीच पद्धत आता नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, कटला माशावर. पहाटेच उरकावं लागतं, ऊन चढलं की मासा दम टाकतो. बिल्ले नीट बसले. मच्छीमारांकडून परत मात्र जवळजवळ आलेच नाहीत. वरिष्ठ म्हणाले, "अडाणी लोक आहेत." जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, बघून कोणता मासा अडकेल ते सांगणारी माणसं ही!

मग पैठणच्या वरच्या अंगाला, काठावरच्या एका भोई वस्तीत जाऊन बसलो. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी एक आबा म्हणाले, "मासा लई हाय असं कागदावर आलं की ठेका वाढतो, सायेब." जायकवाडीच्या पाण्याखाली शंभरावर गावं गेली, यांचंही त्यातलंच. आपल्याच बुडालेल्या शिवारावर जाळं टाकायचं आणि वर मासेमारीच्या ठेक्याचे पैसे भरायचे. त्यांना काय उत्तर देणार?

मी हिशोब मांडला. समजा, हजार मासे बिल्ला लावून सोडले. पुढं दोन हजार पकडले, त्यात वीस बिल्लेवाले निघाले. म्हणजे शंभरात एक बिल्लेवाला, तर धरणात अंदाजे लाखभर मासा. आता वीसातले दहा बिल्ले तुम्ही दडवले, तर माझ्या कागदावर किती? दोन लाख.

आबा थांबले. "म्हंजी आमी लपवू लागलो तं मासा वाढू लागला म्हना की!" सगळे हसले. त्यांच्या सूनबाईंनी घरातून प्लास्टिकची पिशवी आणली. पिवळ्या बिल्ल्यांनी निम्मी भरलेली. नुसते नंबर. मासा कधी, कुठं सापडला, लांबी किती, काहीच नाही. रॉस समुद्रात परत आलेल्या प्रत्येक माशाचा कानातला खडासुद्धा वय कळावं म्हणून काढून ठेवतात.

तेवढ्यात मागून एका पोरानं विचारलं, "सर, आन् मासेबी तेवढेच लपवले तं?"

मी मनात गणित केलं. दोन हजारांऐवजी हजार दाखवले, वीसांऐवजी दहा बिल्ले. उत्तर परत लाख. बरोबर उत्तर! पोरगं दहावी नापास, असं नंतर कळलं. आमच्या कार्यालयात हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

आता पेच असा. पिशवीतले बिल्ले प्रामाणिकपणे धरले आणि पकड मात्र त्यांनी दाखवली तेवढीच घेतली, तर लाखाचे पन्नास हजार होतात. बिल्ले सोडून दिले, तर हाती आलेला पुरावा फेकल्यासारखं. दडवलेली पकड मागावी, तर पुढच्या खेपेला मी ठेक्याचाच माणूस ठरेन. रॉस समुद्रात हा प्रश्न येत नाही. तिथं पकड तोलली जाते आणि निरीक्षक बोटीवरच राहतो.

अहवाल द्यायचाय. आबांनी सांगून ठेवलंय, आकडा लिहायच्या आधी एकदा वस्तीवर येऊन जा.