आमची वाटचाल: बरणीतल्या अळ्या

मधपाळ ज्या किडीच्या नावाने बोटं मोडतात, तिच्यावर आमचं घर चालतं. मेणपतंगाची अळी सातेरी मधमाश्यांच्या दुबळ्या पेटीत शिरली की पोळ्यात जाळी विणत मेण फस्त करते. आम्ही तीच अळी रबाळ्याच्या एका गाळ्यात हौसेने वाढवतो आणि प्रयोगशाळांना विकतो. एखादा जंतू किती घातक, औषध किती लागू पडतं, हे उंदरांकडे वळण्याआधी हिच्यावर पाहता येतं. माणसाच्या अंगाएवढ्या, ३७ अंशांच्या उष्णतेत ती तग धरते, आणि संसर्ग झाला की काळी पडते.

सुरुवात ठाण्यातल्या घरी, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत. अळ्यांनी डबे कुरतडले. देव्हाऱ्यामागे कोष सापडले त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आता गाळा बघा." तेव्हापासून काचेच्या बरण्या आणि झाकणाला तारेची बारीक जाळी.

खरी मेहनत खाण्याची. गव्हाचा कोंडा, मक्याचं पीठ, दूध पावडर, यीस्ट. वरून कोमट केलेला मध आणि ग्लिसरीन. मुठीत दाबलं की लाडू वळला पाहिजे, बोट लावलं की फुटलाही पाहिजे. जरा ओलं राहिलं तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली. पतंग मात्र काहीच खात नाहीत, तेवढीच बचत! मादीला अंडी घालायला फट लागते, म्हणून बरणीत कागदाच्या घड्या ठेवतो.

एका दिवाळीत मोठ्या ऑर्डरच्या लोभाने बरण्यांत दुप्पट अळ्या भरल्या. खोली २९ अंशांवर, पण बरणीला हात लावला तर गरम! मोठ्या झालेल्या अळ्या दाटीत स्वतःच उष्णता तयार करतात, हे तेव्हा कळलं. तीन बरण्या फेकल्या.

'खाण्यात अँटिबायोटिक घाला, मर कमी होईल,' असा सल्ला देणारेही भेटतात. ज्यांना जंतूंचाच अभ्यास करायचा, त्यांना औषध खाऊन वाढलेली अळी काय कामाची?

शेवटच्या अवस्थेतल्या, २५० ते ३०० मिलिग्रॅमच्या फिकट अळ्याच आम्ही एकेक तोलून पाठवतो. अंड्यापासून पतंगापर्यंत दीड-दोन महिने जातात. त्यामुळे 'उद्या ५०० पाठवा' असा फोन आला आणि बरण्यांत तेवढा माल तयार नसला, की सरळ नाही म्हणतो. वजन भरायला लहान अळ्या मिसळत नाही.