नळी आखूड, छर्रा कोणता?

आमच्या गोठ्याच्या दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत साडेतेहतीस फूट भरतात. नेमबाजीचे दहा मीटर म्हणजे 32 फूट 10 इंच. उरलेल्या आठ इंचांत लोखंडी पत्रा, पुढे बारदाना कोंबलेली लाकडी पेटी आणि तिच्यावर कागद. दोन्ही बैलं विकली तेव्हा जीव तुटला होता, पण पोरीला नेमबाजीच्या सरावाची रेंज मिळाली ती त्यामुळेच.

रायफल हवेची. नळी खाली दुमडून स्प्रिंग भरायची, 4.5 मिलिमीटरची, 20 ज्यूलच्या आतली, म्हणून परवान्याची भानगड नाही. पोरगी नववीत, हात लहान, तेव्हा आखूड नळीचीच घेतली. गावातला पहिला प्रश्न ठरलेला : "काऊन भाऊ, एवढ्याशा नळीनं नेम लागते का?" दुसरा, "डुक्कर पडन का यानं?" डुकराला यानं गुदगुल्याही होणार नाहीत, आणि झाल्याच तर वनखात्यासमोर मी उभा राहीन, तुम्ही नाही, एवढं सांगून तो विषय मी मिटवतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मलाही शोधावं लागलं. स्प्रिंगच्या बंदुकीत हवेचा तडाखा पहिल्या वीत-दीड वीत नळीतच संपतो, पुढे छर्रा नुसता घासत जातो. लांब नळीनं फायदा होतो तो डोळ्याचा, कारण माशी, म्हणजे टोकावरची नेम धरायची खूण, दूर गेली की चूक लवकर दिसते. म्हणूनच स्पर्धेच्या कित्येक रायफलींत खरी नळी आखूडच असते, पुढे पोकळ नळकांडं जोडून माशी लांब नेलेली असते. तर गुन्हा नळीचा नव्हता. तरी छर्रे रुपयाएवढ्या जागेत विखरायचे. दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, नुसता ठिपका.

चार डब्या आणल्या. एक देशी, गोल डोक्याची. एक टोकदार, दुकानदारानं "हीच न्या" म्हणून गळ्यात मारलेली. दोन बाहेरच्या, चपट्या डोक्याच्या : महाग 0.53 ग्रॅमची, तिच्याहून स्वस्त 0.49 ची. चपटं डोकं कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतं. गोल डोक्यानं कागद फाटतो आणि गुण मोजताना वाद होतो.

रायफल शिकंज्यात आवळून चाचणी घ्यावी असं वाटलं होतं. मी मोटर वाइंडिंगचा माणूस, दुकानात शिकंजा आहेच. पण स्प्रिंगची बंदूक सुटताना मागे-पुढे उसळते, तिला तसं उसळू द्यावं लागतं. आवळली की ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, भलतीकडेच. शेवटी वाळूची पिशवी, तिच्यावर पोरीचा तळहात, तळहातावर रायफल, पकड सैल. पाच छर्र्यांचा ग्रुप फसवतो, एखादा नशिबानं छान जमतो. म्हणून प्रत्येक डबीचे दहा-दहा, तीनदा, सकाळी साडेसहाच्या आत. मे महिन्यात नऊनंतर आमच्याकडे पत्र्याखाली माणूस भाजतो, स्प्रिंगच्या ग्रीसचं काय घेऊन बसलात.

टोकदार छर्रे 31 मिलिमीटरमध्ये पसरले. टोक जरा जरी मधोमध नसलं तरी छर्रा डगमगतो. देशी 14. महाग 0.53 वाले 13! माझं तोंड बघण्यासारखं झालं. आणि हलके 0.49 वाले 9. आमच्या अशक्त स्प्रिंगला तेच मानवले. शेजारच्या बंदुकीत उलटं होऊ शकेल. नळी काय मागते ते तिलाच विचारावं लागतं.

मग मला चेव चढला. नऊचे सात का नाही होणार? तांब्याच्या तारेचा मायक्रोमीटर काढला आणि छर्र्याचं डोकं मोजायला गेलो. 4.49 की 4.50, यावर म्हणे सगळं. शिसं इतकं मऊ की मोजता मोजताच मी ते चेपत होतो. दहावा छर्रा चेपल्यावर अक्कल आली. मग शंभर छर्रे घेऊन आर्णीला सोनाराकडे. त्याच्या काट्यावर मिलिग्रॅम कळतो. काचेच्या पेटीत चिमट्यानं एकेक ठेवत होतो. 0.486... 0.491... 0.503. सोनार बराच वेळ पाहत राहिला. "सोन्याच्या काट्यावर शिसं! पोरीच्या लग्नाचं हाय का भाऊ?" हलके, मधले, जड अशा तीन पुड्या बांधल्या. घरी पोरीला न सांगता हातात दिल्या. तिन्ही पुड्यांच्या ग्रुपमध्ये फरक शोधूनही सापडला नाही. अख्खा दिवस गेला, वर चहाही सोनाराचाच प्यालो.

खरी गोष्ट तिनं पकडली. मी वजन करत बसलो होतो आणि ती टेबलाच्या काचेवर छर्रे घरंगळवत होती. "बाबा, हा पाहा, लंगडते." छर्र्याचा मागचा पोकळ घेर एका बाजूनं दबला होता. तोच घेर हवेनं फुगून नळीतल्या पिळांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, घट्ट धरतो. दबका असला की हवा एका अंगानं निसटते. तिनं असे बारा वेगळे काढले आणि मुद्दाम मारले : 22 मिलिमीटर. बाकीच्यांचे दहा मारले, 7.

दबले कसे? यवतमाळहून चाळीस किलोमीटर मोटारसायकलच्या डिकीत, पान्याच्या शेजारी, मीच आणले होते. त्या रस्त्यावर माणसाचे मणके दबतात, शिशाचं काय. आता डबी उघडली की पहिल्यांदा वर कापसाचा थर. सरकी काढलेला कापूस आमच्याकडे कमी नाही.

डबीच्या बुडावर बॅच नंबर असतो, तो आता पोरीनं वहीत लिहून ठेवलाय. दुकानदाराला फोन केला, याच नंबरच्या तीन डब्या पाहिजेत. "डबी तं तेच हाय ना भाऊ, नंबर काय पाहता?" शेवटी फोटो पाठवला. एसटीनं येतायत उद्या. कंडक्टर ओळखीचा आहे, त्याला सांगितलंय की बॅगेत नको, मांडीवर ठेव.